चौकटीत बसणारा आकडा, न बसणारा अर्जदार

उत्पन्नाचा दाखला असो, शिष्यवृत्ती असो, पीकविमा असो की अकरावीचा प्रवेश. शासनाच्या दाराशी जाणारा रस्ता आता संकेतस्थळावरील अर्जातून जातो. या अर्जात नावगाव लिहिण्याच्या जागा थोड्या आणि आकड्यांचे रकाने अधिक असतात. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, पिनकोड, बँक खाते, गट क्रमांक, वार्षिक उत्पन्न. यांपैकी एखाद्या रकान्यात संगणकाला न रुचणारे काही पडले की लाल अक्षरांत ओळ उमटते, ‘कृपया वैध क्रमांक भरा’. सेवा केंद्रातल्या खुर्चीवर बसलेला अर्जदार आपलेच काही चुकले असे समजून हातातले कागद पुन्हा चाळू लागतो.

क्रमांक वैध की अवैध, हे नेमके कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर? वरवर पाहता हा प्रश्न केवळ संगणक तंत्रज्ञांचा आहे. परंतु २०१७ मधील शेतकरी कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले, तेव्हा अर्जातील माहिती आणि बँकांकडील माहिती यांचा मेळ बसवताना यंत्रणेची झालेली दमछाक महाराष्ट्राने पाहिली आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत तर कोट्यवधी महिलांची माहिती अशाच रकान्यांतून शासनाकडे गेली. ज्या रकान्यावर महिन्याचे दीड हजार रुपये अवलंबून आहेत, त्या रकान्याचा नियम कोणी आणि किती विचाराने लिहिला, हा प्रश्न आता तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

एका ओळीचा पहारेकरी

रकान्यात भरलेला मजकूर तपासण्याचे काम बहुतेक ठिकाणी एका ओळीचा नियम करतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. प्रोग्रामर मंडळी त्याला थोडक्यात ‘रेजेक्स’ म्हणतात. हा खरे तर अक्षरांचा साचा. अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात ही कल्पना गणिताच्या अंगाने मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी मजकुरात शोध घेण्यासाठी ती संगणकावर कशी राबवता येईल, हे दाखवून दिले. आज प्रोग्रामिंगच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये तिची सोय आहे.

भारतातील मोबाइल क्रमांकासाठीचा साचा शब्दांत मांडायचा तर असा: मजकुराचा आरंभ, त्यानंतर ६ ते ९ यांपैकी एक अंक, त्यानंतर ० ते ९ यांपैकी कोणतेही नऊ अंक, आणि मजकुराचा शेवट. बँकेच्या शाखेचा आयएफएस कोड असेल तर प्रथम चार इंग्रजी अक्षरे, पाचव्या जागी शून्य आणि पुढे सहा अक्षरे किंवा अंक. ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ या दोन खुणा क्षुल्लक वाटतात. पण त्या लिहायला प्रोग्रामर विसरला तर नियमाचा अर्थच बदलतो. मग ‘मजकुरात कोठेतरी दहा अंक सापडले तरी चालेल’ असा त्याचा अर्थ होतो आणि पंधरा अंकी क्रमांकही बिनदिक्कत आत शिरतो.

पिनकोडचे उदाहरण अधिक बोलके आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेली ही पद्धत कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. सहा अंकांतील पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्र आणि गोव्यातील पिनकोड ४ ने सुरू होतात. शून्याने सुरू होणारा पिनकोड असूच शकत नाही, हे साच्याला सांगता येते. परंतु अर्जदाराने लिहिलेला पिनकोड त्याच्याच गावाचा आहे की शेजारच्या तालुक्याचा, हे साच्याला कळण्याचा मार्ग नाही.

गणवेश पाहिला, माणूस नाही

साच्याची मर्यादा येथेच आहे. दारावरचा रखवालदार गणवेश पाहून माणसाला आत सोडतो. आत जाणारा माणूस खरोखर तोच आहे का, हे तो तपासत नाही. आधार क्रमांकाचा रकाना ‘बारा अंक आहेत का’ एवढेच पाहत असेल, तर बारा अंकांची कोणतीही रांग त्याला मान्य होते. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले, ३ च्या जागी ८ पडला, तरी अंक बाराच राहतात आणि साचा समाधानी होतो.

वास्तविक आधार क्रमांक तयार करतानाच या चुकांचा विचार झालेला आहे. बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला तपासणी अंक असतो. डच गणितज्ञ जेकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने तो काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर या रीतीने ती चूक हमखास पकडली जाते; आणि हाताने आकडे उतरवताना माणसे नेमक्या याच चुका अधिक करतात. रीत प्रसिद्ध आहे, गणित थोड्या ओळींचे आहे, त्यासाठी कोणत्याही केंद्रीय यंत्रणेकडे विचारणा करावी लागत नाही. तरीही जो अर्ज केवळ साच्यावर भिस्त ठेवतो, तो हाताशी असलेली ढाल वापरत नाही, असेच म्हणावे लागेल.

अर्थात तपासणी अंकही सर्वसमर्थ नाही. नॉर्वेमधील एका प्रकरणाने हे दाखवून दिले. तेथील एका महिलेला आपल्या मुलीच्या खात्यात पाच लाख क्रोनर पाठवायचे होते. नॉर्वेतील खाते क्रमांक अकरा अंकी असतो. खाते क्रमांकात ५ हा अंक लागोपाठ येत होता आणि टंकताना तो एकदा जास्त पडला. अंक बारा झाले. बँकेच्या संकेतस्थळाने ‘एक अंक जास्त आहे’ असे सांगण्याऐवजी शेवटचा अंक मुकाट्याने गाळला आणि अकरा अंक पुढे पाठवले. दुर्दैवाने उरलेले अकरा अंक तपासणी अंकाच्या गणितातही बसले. रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यात जमा झाली. तक्रार मंडळासमोर प्रकरण गेले, तेव्हा दोष त्या महिलेच्याच पदरी पडला. नॉर्वेतील एका संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने २००८ मध्ये या घटनेवर लेख लिहून मुद्दा मांडला तो असा, की टंकताना चूक माणसाची झाली; पण ती पकडण्याची संधी असताना यंत्रणेने ती झाकली.

हा धोका दूरच्या देशापुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडील अनेक अर्जांत मोबाइल क्रमांकाच्या रकान्याला दहाच अंकांची मर्यादा घातलेली असते. अर्जदाराने देशाचा ९१ हा संकेतांक धरून बारा अंक दुसरीकडून उचलून त्यात चिकटवले, तर रकाना पहिले दहा अंक ठेवतो आणि शेवटचे दोन गाळतो. उरलेले दहा अंक ९ ने सुरू होतात. साच्याच्या सर्व अटी पूर्ण होतात आणि हिरवी खूण उमटते. क्रमांक मात्र अर्जदाराचा राहिलेला नसतो; तो दुसऱ्याच कोणाचा तरी असू शकतो. ओटीपी मागितला जात असेल तर चूक उघडी पडते. नसेल तर अर्जाची पुढची प्रत्येक सूचना भलत्याच्या फोनवर जाते आणि ‘कळवूनही अर्जदाराने त्रुटी दूर केली नाही’ अशी नोंद होण्याची वाट मोकळी होते.

खरा क्रमांकही दारातच अडतो

चुकीचा क्रमांक आत घेणे हा एक दोष. खरा क्रमांक बाहेर ठेवणे हा दुसरा. पहिल्या दोषाची चर्चा होते, कारण त्यात पैसे चुकीच्या हाती जातात. दुसऱ्याची होत नाही, कारण त्यात काहीच घडत नाही. एक अर्ज दाखल होत नाही, इतकेच.

आधार कार्डावर बारा अंक चार-चारच्या गटांत, मध्ये जागा सोडून छापलेले असतात. वाचायला सोपे जावे म्हणूनच ती रचना आहे. अर्जदार कार्डावर जसे दिसते तसे टंकतो आणि ‘केवळ अंक’ मागणारा साचा त्या दोन मोकळ्या जागांवरून संपूर्ण क्रमांक नाकारतो. जागा काढून टाकण्याचे काम संगणक एका क्षणात करू शकतो. ते अर्जदाराकडून करवून घेण्यात कोणतीही सुरक्षा नाही.

मोबाइल क्रमांकांचा इतिहासही असाच बोध देणारा आहे. एके काळी देशातील मोबाइल क्रमांक ९ नेच सुरू होत. ग्राहक वाढले तसे ८, ७ आणि पुढे ६ ने सुरू होणारे क्रमांक आले. ज्या अर्जांतील साचे जुन्या समजुतीवर लिहिलेले होते, ते नव्या क्रमांकांना अवैध ठरवत राहिले. साच्यात लिहिलेला नियम हा त्या दिवशीच्या जगाविषयीचा समज असतो. जग बदलते, साचा कोणीतरी बदलेपर्यंत तसाच राहतो.

गट क्रमांकाच्या बाबतीत समजच मुळात चुकीचा असतो. नावात ‘क्रमांक’ आहे म्हणून तो आकडा, असे शहरात बसलेल्या प्रोग्रामरला वाटणे स्वाभाविक आहे. गावात मात्र वाटणी झाली की १४५ चे १४५/२ आणि पुढे १४५/२/अ होते. सातबाऱ्यावर जे स्पष्ट लिहिले आहे ते ‘केवळ अंक भरा’ म्हणणाऱ्या रकान्यात लिहिताच येत नाही. मग शेतकरी काय करतो? तिरकी रेघ गाळून १४५२ लिहितो किंवा नुसता १४५. अर्ज पुढे सरकतो, पण ज्या जमिनीसाठी तो केला ती जमीन अर्जात उरत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न देवनागरी अंकांचा. सातबारा, शासन निर्णय, अनेक सहकारी संस्थांची खातेपुस्तके देवनागरी अंकांत असतात. फोनवर मराठी कळफलक निवडला की त्यावर देवनागरी अंक सहज येतात. युनिकोडमध्ये या दहा अंकांना इंग्रजी अंकांपासून वेगळी स्वतंत्र स्थाने दिलेली आहेत. डोळ्यांना दोन्ही ‘पाच’च दिसले, तरी संगणकासाठी ती दोन निराळी चिन्हे आहेत. यात गंमत अशी, की ‘कोणताही अंक’ दर्शवणारी रेजेक्सची खूण सर्वत्र सारखी वागत नाही. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट त्या खुणेखाली केवळ इंग्रजी अंक धरते. पायथॉन आणि डॉट नेट मात्र सर्वसाधारणपणे देवनागरीसह जगातील इतर लिप्यांचे अंकही धरतात.

परिणामी, ब्राउझरमध्ये नाकारलेला क्रमांक सर्व्हरला चालला असता, अशी स्थिती संभवते. उलट, सर्व्हरने देवनागरी क्रमांक जसाच्या तसा साठवून ठेवला, तर त्याहून मोठा घोळ होतो. एकाच महिलेचा एक अर्ज इंग्रजी अंकांत आणि एक देवनागरी अंकांत असेल, तर मजकूर म्हणून जुळवणी करणाऱ्या यंत्रणेला त्या दोन निराळ्या महिला वाटतात. दुबार अर्ज शोधण्याचा खटाटोप तेथेच फसतो. वास्तविक देवनागरी अंकाचे इंग्रजी अंकात रूपांतर करणे हे अत्यंत सोपे काम आहे; दहा चिन्हांच्या बदल्यात दहा चिन्हे. मराठी राजभाषा असलेल्या राज्यात अर्जाचा मथळा मराठीत आणि अंक मात्र इंग्रजीतच हवेत, हा हट्ट तंत्रज्ञानाने लादलेला नाही. तो दुर्लक्षातून आलेला आहे.

मोजायचा आकडा आणि ओळखीचा आकडा

या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक साधी गल्लत आहे. वार्षिक उत्पन्न हा मोजायचा आकडा आहे. त्यात बेरीज-वजाबाकीला अर्थ आहे. खाते क्रमांक, आधार, पिनकोड ही नावे आहेत. ती केवळ अंकांत लिहिलेली आहेत. दोन खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही. परंतु संगणकाने या नावांना आकडा मानले की अनर्थ सुरू होतो. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य निरर्थक समजून गाळले जाते. एक्सेलसारख्या तक्त्यात आकडा म्हणून पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राहते. सोळा अंकी खाते क्रमांक तेथे आकडा म्हणून पडला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. अर्जात बरोबर भरलेला क्रमांक कार्यालयातील तक्त्यात जाऊन बिघडतो आणि दोष पुन्हा अर्जदाराकडे जातो.

उत्पन्नासारख्या खऱ्या आकड्यांतही सापळे आहेत. दीड लाख लिहिताना १,५०,००० असे स्वल्पविराम देण्याची आपली पद्धत आहे. जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी एक प्रचलित सोय स्वल्पविराम दिसताच वाचन थांबवते. तिच्या लेखी या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक रुपया ठरते. साच्याने स्वल्पविराम अडवला तर अर्जदार अडतो. अडवला नाही आणि पुढे काळजी घेतली नाही, तर दीड लाखाचा एक रुपया होतो. स्वल्पविराम काढून घेऊन मग वाचणे हा तिसरा आणि योग्य मार्ग आहे.

साचा लिहिण्यातही जोखीम असते, हे जगाने अनुभवले आहे. २० जुलै २०१६ रोजी प्रोग्रामर मंडळींचेच ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे प्रसिद्ध संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढणारा एक निरुपद्रवी साचा त्याला कारण झाला. सुमारे २० हजार मोकळ्या जागा असलेल्या एका मजकुरापुढे तो पुन्हापुन्हा मागे येऊन जुळवणी करत राहिला. २ जुलै २०१९ रोजी ‘क्लाउडफ्लेअर’ या कंपनीच्या सुरक्षा नियमांतील अशाच एका साच्याने जगभरातील असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे ठप्प केली. एका ओळीचा नियम म्हणून त्याची चाचणी एका मिनिटात उरकावी, असे मुळीच नाही.

सुधारणा अवघड नाही

यातून वाट काढणे कठीण नाही. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची रचना ठरवणाऱ्या गटाने २०२० मध्ये ‘आकडा’ या प्रकारचा तयार रकाना वापरणे सोडून दिले. माऊसचे चाक चुकून फिरले तरी त्यातला आकडा बदलत असे. काही ब्राउझरमध्ये त्यात विशिष्ट अक्षरेही चालत. अपंग व्यक्ती वापरत असलेल्या काही आज्ञावलींशी त्याचे जुळत नसे. त्याऐवजी साधा मजकुराचा रकाना, फोनवर अंकांचा कळफलक आणि सोबत योग्य साचा, हा पर्याय त्यांनी निवडला. म्हणजे साचा टाकून दिलेला नाही. त्याला त्याची जागा दाखवून दिली आहे.

क्रम असा हवा. अर्जदाराने लिहिलेल्या मजकुरातून प्रथम मोकळ्या जागा, आडव्या रेघा काढाव्यात, देवनागरी अंकांचे रूपांतर करावे. मग साच्याने रूप तपासावे. जेथे तपासणी अंक आहे तेथे गणित करावे. जादा अंक मुकाट्याने कधीही गाळू नयेत. शेवटी, ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्याला विचारावे. हे सारे ब्राउझरमध्ये झाले तरी सर्व्हरवर पुन्हा व्हावे. कारण ब्राउझरमधील तपासणी कोणालाही बंद करता येते. ती अर्जदाराच्या सोयीसाठी आहे, शासनाच्या संरक्षणासाठी नव्हे.

मूळ नोंदीला विचारण्याचे महत्त्व बँकिंग क्षेत्राने उशिरा का होईना मान्य केले आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१० मधील परिपत्रकानुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहारात केवळ खाते क्रमांकावरून रक्कम जमा करता येते आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर राहते. नाव लिहायचे, पण ते जुळवले जाईलच असे नाही, अशी ही रीत होती. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटी व्यवहारांपूर्वी लाभार्थीचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्यास बँकांना सांगितले. त्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे नाही, असेही स्पष्ट केले. क्रमांक लिहिताच समोर नाव दिसणे, ही साध्या माणसाला समजणारी तपासणी आहे. कोणताही साचा तिची बरोबरी करू शकत नाही.

दाद कोठे मागायची?

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो तंत्राचा नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज फेटाळला तर कारण मिळण्याचा, अपील करण्याचा आणि आयोगापर्यंत जाण्याचा मार्ग त्यात आहे. परंतु हा मार्ग अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतो. लाल ओळीपाशी अडलेल्या अर्जाला क्रमांक मिळत नाही, पोच मिळत नाही, नकाराचे कारण मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अर्ज झालेलाच नसतो. खिडकीवरच्या कारकुनाने कागद परत केला तर निदान त्याच्याशी वाद घालता येत असे, वरिष्ठांकडे जाता येत असे. साच्याशी वाद घालता येत नाही.

म्हणूनच किती अर्ज दाखल झाले याबरोबर किती जण कोणत्या रकान्यापाशी अडून परत गेले, याचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. संगणकाला ते अशक्य नाही. एखाद्या तालुक्यातून गट क्रमांकाच्या रकान्यावर वारंवार नकार येत असतील, तर चूक त्या तालुक्यातील शेतकऱ्यांची नसून रकान्याची आहे, हे आठवडाभरात कळू शकेल. ‘वैध क्रमांक भरा’ याऐवजी ‘आधार क्रमांकात बारा अंक हवेत, आपण अकरा भरले आहेत’ असे मराठीत सांगणारे एक वाक्य लिहायलाही निविदा काढावी लागत नाही.

शासन ऑनलाइन झाले याचा अर्थ दार सर्वांसाठी उघडले, असा घेतला जातो. दार उघडले आहे खरे; पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला कोणती सूचना दिली आहे, हे एकदा वाचून पाहण्याची जबाबदारी कोणत्या ना कोणत्या अधिकाऱ्यावर टाकावीच लागेल. आज ती प्रोग्रामरने लिहिली, कंत्राटदाराने बसवली आणि तिची किंमत अर्जदार मोजतो आहे.